‘साइड इफेक्ट शून्य’वाली जपानी पुडी

काल रात्री साडेदहाला काकूचा मेसेज आला, "अगं, हे काकांसाठी मागवू का?" खाली तोच फॉरवर्ड, जो आठवडाभरात चार ग्रुपांवरून माझ्याकडे आलाय. जपानचं पाच हजार वर्षं जुनं ‘शो-साइको-तो’, तिथले डॉक्टरच लिहून देतात, सिरोसिसवर रामबाण, शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. काकांना सिरोसिस आहे, म्हणजे यकृत कडक होत जाऊन निकामी होण्याचा आजार. गेल्याच महिन्यात पोटातलं पाणी काढलं. त्यामुळे मी आज गोड बोलणार नाही.

पाच हजार वर्षांचं सोडा. हे मिश्रण मूळचं चिनी, साधारण अठराशे वर्षांपूर्वीच्या ‘शांग हान लुन’ ग्रंथातलं. जपानी लोक या पारंपरिक औषधपद्धतीला ‘कांपो’ म्हणतात, त्याचा अर्थच मुळी ‘हान पद्धत’, म्हणजे चिनी पद्धत.

डॉक्टर लिहून देतात, हे मात्र खरं आहे. जपानच्या आरोग्य विम्यातही ते बसतं आणि जुनाट हिपॅटायटिससाठी, म्हणजे यकृताच्या जुन्या सुजेसाठी, एके काळी सर्रास दिलं जायचं. ओसाकातल्या डॉक्टरांनी सिरोसिसच्या 260 रुग्णांवर पाच वर्षं अभ्यास करून 1995 मध्ये तो छापला. औषध घेणाऱ्यांत यकृताचा कर्करोग कमी दिसला, पण सगळे रुग्ण एकत्र धरले तर तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. ‘संशोधनाने सिद्ध’ ही ओळ बहुधा इथूनच उचलली असावी. असो, एवढं श्रेय देते.

पण पुढच्याच वर्षी काय झालं, ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने गिळलं. मार्च 1996 मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने तातडीचा इशारा काढला. दोनेक वर्षांत हे औषध घेणाऱ्या 88 जणांना इंटरस्टिशियल न्यूमोनिया झाला होता आणि त्यातले 10 दगावले होते. हा जंतूंचा न्यूमोनिया नव्हे. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांच्या भिंतीच सुजतात. कोरडा खोकला, ताप, जिना चढताना लागणारी धाप. घरचे म्हणणार, हवा बदललीय.

आज जपानी डॉक्टरांसाठीच्या या औषधाच्या माहितीपत्रकात सगळ्यात वर हाच धोका छापलेला असतो, मृत्यूच्या उल्लेखासकट. आणि ‘यांना देऊ नये’ या यादीत कोण? इंटरफेरॉन (हिपॅटायटिसवरची इंजेक्शनं) घेणारे, यकृताचा कर्करोग असलेले आणि सिरोसिसचे रुग्ण. म्हणजे ज्यांच्यासाठी हा ‘रामबाण’ फिरतोय, नेमके तेच!

‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणाल तर सात घटकांत आलं आहे, जिनसेंग आहे आणि आपलं ज्येष्ठमधही आहे. घसा बसल्यावर काडी चघळणं वेगळं आणि रोज तीन पुड्या वेगळ्या. ज्येष्ठमध अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, बीपी चढवतं, पोटॅशियम उतरवतं. काकांच्या गोळ्यांच्या डबीत सकाळच्या कप्प्यात लघवीची गोळी असते, पाणी बाहेर काढायला. काकू त्यांची भाजी वेगळी, अळणी करते. आणि त्यावर ही पुडी?

राहता राहिला हिपॅटायटिस सी, त्या जुनाट हिपॅटायटिसचा विषाणूमुळे होणारा एक प्रकार. तो आता बहुतेकांचा दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. त्यासाठी जपानहून काही मागवायची गरज नाही.

हे सगळं काकूला फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं बाई, ह्यांना नको. पण काल रात्रीच ऑर्डर केलंय गं. तुझ्या बाबांना चालेल का?"