छेदात काय आहे ते आधी सांग

बाळ्याने मोबाइल पुढे केला आणि वादाला तोंड फुटलं. तो एका मोठ्या कंपनीच्या पर्यावरण विभागात आहे. नाव लिहीत नाही, त्याला अजून तिथेच नोकरी करायची आहे. वार्षिक अहवालातलं पान होतं, कोपऱ्यात हिरवं पान, मधोमध ठळक अक्षरांत : ‘प्रति टन उत्पादन उत्सर्जनात २० टक्के घट’.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. अभिनंदन वगैरे काही नाही, थेट प्रश्न : “छेदात काय आहे?”

“म्हणजे?”

“प्रति टन म्हणतोस ना, म्हणजे भागाकार केलायस. उत्पादन किती वाढलं तेवढ्या वर्षांत?”

बाळ्या घुटमळला. “दीडपट.”

“मग दीड गुणिले ०.८. झाले १.२. धूर २० टक्क्यांनी वाढला आणि तुझ्या पानावर २० टक्क्यांनी घटला. दोन्ही खरं. पण हवेला भागाकार येत नाही बाळा.”

आमचा सीए याचीच वाट बघत होता. “धूळफेक! मी कधीपासून सांगतोय!”

“थांब रे,” बाळ्या तापला. “एकूण टनाचा आकडाही आतल्या पानावर छापलाय. आणि नुसता एकूण आकडा धरला तर मंदीत निम्म्या लाइन बंद पडल्या की कंपनी आपोआप हिरवी. काहीही न करता! एखादा कारखाना विकून टाकला तरी तेच. म्हणून मोठी विक्री-खरेदी झाली की बेस इयरचा, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करतो त्याचा, आकडाही नव्याने काढावा लागतो. जीएचजी प्रोटोकॉलमध्ये तसं लिहिलंय.”

जीएचजी म्हणजे ग्रीनहाउस गॅस, हरितगृह वायू; हा प्रोटोकॉल म्हणजे त्यांच्या हिशोबाचं मूळ पुस्तक. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि वर्ल्ड बिझनेस काउन्सिल फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या दोन संस्थांनी २००१ मध्ये काढलं. स्कोप वन, टू, थ्री ही भाषा त्यातलीच. वन म्हणजे स्वतः जाळलेलं, टू म्हणजे विकत घेतलेली वीज, थ्री म्हणजे बाकी सगळं जग.

सुमीला वेगळीच शंका. तिचं छोटं वर्कशॉप आहे, मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवते. “पण मोजता कसं? चिमणीला मीटर लावता?”

“काही ठिकाणी असतो. बाकी पावत्या. डिझेल किती लिटर आलं ते बघायचं, एका लिटरला सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा, गुणाकार करायचा.”

“झालं! एक लिटर डिझेलचं वजन किलोभरसुद्धा नाही, त्यातून पावणेतीन किलो कुठून येणार?” सीएला वाटलं, सापडला चोर.

इथे मास्तर बाळ्याच्या बाजूला गेले. “ऑक्सिजन कोण देतं? १२ ग्रॅम कार्बन जळताना हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो, होतात ४४. दहावीला शिकवलं होतं तुला.” सीए गप्प. ही दुर्मीळ गोष्ट म्हणून नोंदवून ठेवतो.

मग बाळ्याने सांगितलेली गोष्ट मला सगळ्यात आवडली. एसी आणि चिलरमधल्या गॅसची गळती कुणी मोजत बसत नाही, वर्षभरात किती किलो गॅस पुन्हा भरला ते मोजतात. जेवढा भरला तेवढा गळला. यातले काही गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतात. हाय व्होल्टेज स्विचगिअरमधला, म्हणजे विजेच्या मोठ्या स्विचांमधला, सल्फर हेक्झाफ्लोराइड तर २३ हजार पटीहून जास्त. म्हणजे मेंटेनन्सवाल्याने एका सिलिंडरची नोंद विसरली की ट्रकभर डिझेल हिशोबातून गायब. हे सगळं एका एक्सेल शीटवर आणि त्या मेंटेनन्सवाल्याच्या वहीवर उभं आहे. अहवालाच्या गुळगुळीत कागदावर ती वही दिसत नाही.

“आणि ‘१०० टक्के अक्षय ऊर्जा’ म्हणजे काय रे?” मी विचारलं. “रात्री सूर्य कुठून आणता?”

बाळ्या हसला. “वर्षभरात जेवढी वीज वापरली, तेवढीच सौर किंवा पवन वीज कुठेतरी विकत घ्यायची, नाहीतर तशा विजेची नुसती प्रमाणपत्रं घ्यायची. वर्षअखेरीला दोन्ही बेरजा जुळल्या की १०० टक्के. रात्री तारेतून कोळशाचीच वीज येत असेल तरी. म्हणून २०१५ पासून नियम आहे की स्कोप टू दोन पद्धतींनी दाखवायचा : करारांप्रमाणे एक आणि त्या भागातल्या ग्रिडच्या सरासरीप्रमाणे एक.”

“जाहिरातीत कुठला येतो ते विचारत नाही,” सीए म्हणाला.

बाळ्याने गूगलचं उदाहरण दिलं. २०१७ पासून ते वर्षाच्या बेरजेत वीज १०० टक्के अक्षय ऊर्जेशी जुळवतात. मग त्यांनी स्वतःहून अवघड माप घेतलं : दर तासाला, त्याच ग्रिडवर, कार्बनमुक्त वीज किती? २०२३ चं उत्तर आलं सुमारे ६४ टक्के. एका मापाने १००, दुसऱ्याने ६४, कंपनी तीच. शिवाय २०२३ मध्ये, २०१९ च्या तुलनेत, त्यांचं एकूण उत्सर्जन ४८ टक्क्यांनी वाढून १ कोटी ४३ लाख टनांवर गेल्याचंही त्यांनीच छापलं. डेटा सेंटर आणि पुरवठा साखळी ही कारणंही दिली.

“म्हणजे नापास,” सीए.

मला तसं वाटलं नाही आणि अजूनही वाटत नाही. नापासाची गुणपत्रिका स्वतः भिंतीवर लावणाऱ्याबद्दल मला निदान एवढं कळतं की त्याने पेपर तपासलाय. दरवर्षी सगळे बाण खालीच दाखवणाऱ्या अहवालाची मला जास्त भीती वाटते. मास्तरांना हे पटलं नाही. “छापलं म्हणून धूर कमी होत नाही,” म्हणाले. तेही खरंच.

अहवालातल्या पाण्याच्या आकड्यांवर फार वेळ गेला नाही. बाळ्या एवढंच म्हणाला की किती उपसलं आणि किती परत सोडलं हे दोन आकडे वेगळे बघायचे आणि तो भाग कोरडा आहे की ओला ते विचारायचं. एका खोऱ्यात पाणी उपसून दुसऱ्या खोऱ्यात तळं खोदलं की बेरीज जुळते, विहीर भरत नाही.

खरी ठिणगी सुमीने टाकली. इतका वेळ ती मोबाइलवर काहीतरी शोधत होती. “हे बघ. तुझ्यासारख्याच एका कंपनीचा फॉर्म. तुमचं उत्सर्जन भरा, सोमवारपर्यंत. तिघं माणसं आहोत आम्ही!”

“तो त्यांचा स्कोप थ्री,” बाळ्या ओशाळून म्हणाला. “१५ प्रकार आहेत त्यात. माल पुरवणारे, वाहतूक, कर्मचाऱ्यांचं जाणं-येणं, विकलेली वस्तू गिऱ्हाईक वापरतो ते. गाड्या किंवा तेल विकणाऱ्यांचं तर बहुतेक सगळं उत्सर्जन त्या वापरातच. तुझा स्कोप वन म्हणजे त्यांच्या थ्रीचा तुकडा.”

“आणि नाही भरला तर?”

“तर तुझ्या बिलाच्या रकमेला एका सरासरी आकड्याने गुणतात.”

सुमी दोन क्षण गप्प. “म्हणजे मी भाव वाढवला तर कागदावर माझा धूर वाढणार?”

“हो.”

“आणि माझ्यापेक्षा स्वस्त देणारा, जुनाट भट्टीवाला?”

“कागदावर तुझ्यापेक्षा स्वच्छ.”

मास्तर इतके हसले की चष्मा नाकावर आला. “पुन्हा चुकीच्या गोष्टीने गुणलंय!”

बाळ्यालाही हे बोचतं. म्हणून तर प्रत्यक्ष आकडे मागतात, तो म्हणाला, आणि शेवटी ऑडिटर तपासतो. इथे सीए स्वतःच्या मैदानात उतरला. बहुतेक अहवालांना ‘मर्यादित खात्री’ असते. ऑडिटर ‘हे बरोबर आहे’ असं लिहीत नाही, ‘आमच्या नजरेस चुकीचं असं काही आलं नाही’ असं लिहितो. “आर्थिक हिशोबावर मी एवढंच लिहून दिलं तर बँक मला दारात उभं करणार नाही.” बाळ्याकडे याला उत्तर नव्हतं.

“ते राहू दे,” सुमी म्हणाली. “मी खरे आकडे भरते. काय काय लागेल?”

“लाइट बिलं आणि जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या. वर्षाच्या.”

“आहेत. पण जनरेटर शेजारच्या वर्कशॉपबरोबर सामायिक आहे. डिझेल कधी मी भरते, कधी तो.”

“सबमीटर?” बाळ्याने विचारलं.

“नाही.”

“मग जागेच्या चौरस फुटांवर वाट,” सीए म्हणाला.

“छे, त्याच्याकडे मोठी जागा आणि एकच मशीन. मशीनच्या तासांवर वाटायला हवं.”

“तास कुठे लिहून ठेवलेत का?”

सुमी विचारात पडली. मास्तरांनी खिशातून पेन काढलं, फॉर्मच्या स्क्रीनकडे वाकून बघत म्हणाले, “आधी छेद ठरवा.” आणि चौघे पुन्हा पहिल्यापासून भांडायला बसले.