इशारा पातळी

"म्हणजे घर सोडून घरात जायचं?" बाबा म्हणाले. "आणि वर त्याचे पैसे द्यायचे?"

मी त्यांना वीस मिनिटं लॅपटॉपवर फोटो दाखवत होतो. कोलंबिया नदी जिथं पॅसिफिकला मिळते, तिथं वॉशिंग्टन राज्याच्या काठावर फोर्ट कोलंबिया नावाचा जुना लष्करी किल्ला आहे. १९५० मध्ये तो राज्याच्या ताब्यात आला आणि स्टेट पार्क झाला. किल्ल्यावरची दोन जुनी घरं रात्रीपुरती भाड्यानं मिळतात. मिळतात म्हणजे ज्यांना मिळायची त्यांना मिळतात. कुणीतरी रद्द केलेली एक गुरुवारची रात्र मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून पकडली होती. गेल्या तीन वर्षांत मी एवढ्या चपळाईनं दुसरं काहीही केलेलं नाही.

"पार्क म्हणजे बाग ना? मग बागेत झोपायचं?"

"बाग नाही हो बाबा. जंगल, नदी, किल्ला, सगळं आहे. शांतता आहे."

"शांतता इथं काय कमी आहे? चार महिने झाले, रस्त्यावर माणूस दिसेना."

ऑरेगनमधल्या आमच्या हिल्सबरोबद्दलचं हे मत खोडून काढण्यासारखं नव्हतं. मी गप्प बसलो. तेवढ्यात आईनं विचारलं, "भांडी आहेत का तिथं?"

"सगळी आहेत. गॅस, फ्रीज, कपबश्या. आपण फक्त कपडे घेऊन जायचं."

माझं हे वाक्य घरात कुणाच्याही कानात शिरलं नाही, हे गुरुवारी दुपारी डिकी उघडल्यावर कळलं. आत कुकर होता, पोळपाट-लाटणं होतं, मसाल्याचा डबा, तांब्या, दोन किलो तांदूळ, आणि सांगलीहून आणलेल्या भडंगाची शेवटची पिशवी. मीठही होतं.

"अगं, मीठ असतं तिथं."

"असेल. पण कुणाकुणाचे हात लागलेत त्याला!"

बायको काही बोलली नाही. तिनं फक्त स्वतःची बॅग मांडीवर घेतली, कारण तिच्यासाठी डिकीत जागा उरली नव्हती. हायवेवर प्रत्येक वळणाला कुकर पोळपाटावर आदळत होता आणि माझी नऊ वर्षांची लेक ते ठेके मोजत होती. अ‍ॅस्टोरियापर्यंत एकशे चौदा झाले.

अ‍ॅस्टोरियाहून पलीकडं जायला पूल आहे. साडेसहा किलोमीटर लांब, १९६६ साली झालेला. सुरुवातीला जहाजं खालून जावीत म्हणून तो आभाळात चढतो आणि मग एकदम खाली येऊन पाण्यालगत मैलोन्‌मैल सरपटत जातो. आता सांगलीचा माणूस कुठल्याही पुलावरून जाताना मनातल्या मनात तो आयर्विन पुलाच्या शेजारी उभा करून बघतो. त्याला इलाज नाही. १९२९ साली बांधलेला आमचा आयर्विन हा नुसता पूल नाही, ती कृष्णेची फूटपट्टी आहे. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पावसाळ्यात सांगलीत "काय, कसं काय?" असं कुणी विचारत नाही, "आयर्विनला किती?" असं विचारतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याचं उत्तर सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा आई-बाबा पाच दिवस वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या दोन शेळ्यांसह राहिले. तेव्हापासून बाबा पाण्याच्या बाबतीत कुणावर विश्वास ठेवत नाहीत.

"उंची कमी आहे याची," पूल खाली उतरल्यावर बाबा म्हणाले. "२०१९ ला हा अख्खा गेला असता."

"अगंबाई, समुद्र!" आईनं हात जोडले आणि पर्स उघडून एक नाणं मुठीत घेतलं. "काच खाली कर रे."

"आई, हा समुद्र नाही, नदीच आहे अजून. आणि इथून नाणं टाकायचं नाही, मागे गाड्या आहेत."

"ही नदी? पलीकडचा काठ दिसतोय का बघ."

यात आईला हसण्यासारखं काही नाही. लुईस आणि क्लार्क हे अमेरिकन शोधप्रवासी अर्धा खंड तुडवत १८०५ च्या नोव्हेंबरमध्ये याच पाण्यापाशी आले, तेव्हा क्लार्कनंही समुद्र दिसल्याचं आनंदानं वहीत लिहून ठेवलं. समुद्राचं स्पेलिंग चुकवून. त्यानं पाहिलं होतं ते नदीचं तोंडच. खरा समुद्र अजून वीसेक मैल पुढं होता, आणि मध्ये वादळानं त्यांना जवळच्या एका कपारीत सहा दिवस भिजत ठेवलं. आमचं बरं होतं. आमच्याकडं गाडी होती, घराचं बुकिंग होतं आणि मीठही होतं.

किल्ल्यानं मात्र बाबांची निराशा केली. पन्हाळा पाहिलेल्या माणसाला किल्ला म्हटलं की दरवाजा लागतो, तटबंदी लागते, धाप लागायला चढ लागतो. हा १८९६ ते १९०४ या काळात बांधलेला. जमिनीत बसवलेले काँक्रीटचे तोफखाने, दोन सहा इंची तोफा आणि हिरवळीवर ओळीनं उभी लाकडी घरं. नदीच्या तोंडातून कुणी शत्रू आत शिरला तर त्याला उडवायचं, एवढंच काम. शत्रू कधी आला नाही.

"मग इथले शिपाई करायचे काय?"

"वाट बघायचे."

"आपल्या इरिगेशनच्या ऑफिससारखं," बाबा म्हणाले आणि तोफेच्या नळीत वाकून बघायला लागले. ते स्वतः त्याच ऑफिसातून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांना अधिकार आहे.

घर सुरेख होतं. उंच छत, जुन्या पद्धतीच्या खिडक्या, पायाखाली कुरकुरणारी लाकडी जमीन, आणि पोर्चमधून समोर ते अवाढव्य करडं पाणी. मी पोर्चच्या खुर्चीत बसलो, पाय कठड्यावर टाकले आणि मनात म्हटलं, याचसाठी केला होता अट्टाहास. बरोबर चार मिनिटं बसलो. आतून आईचा आवाज आला, "हा ओटा आधी पुसून घे बरं."

घर सोडून घरात येण्यातली गोम इथं आहे. हॉटेलात माणूस निमूट पलंगावर पडतो, कारण तिथं करण्यासारखं काही नसतं. घर म्हटलं की ओटा येतो, ओटा आला की कपाटं उघडली जातात, आणि कपाट उघडलं की आईला त्यातली प्रत्येक वाटी धुवायची असते. जी भांडी आम्ही वापरणार नव्हतो, कारण आमची आणली होती, तीसुद्धा धुतली. बायको पुसत होती, मी रचत होतो. खिडकीतून पॅसिफिकचा सूर्यास्त दिसत होता, असं लेकीनं सांगितलं.

बाबा तेवढ्यात तिला घेऊन पाण्याकडं गेले होते. परत आले ते समाधानानं हात झटकत. "खूण करून आलो. काठी रोवलीये दगडात. पाण्यापासून एक हात वर. सकाळी कळेल चढतंय का उतरतंय."

तेव्हाच मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण त्या वेळी घरात मतदान चालू होतं. रात्री पुलापलीकडून पिझ्झा आणायचा की खिचडी करायची? मला हे उगाच फार ऐतिहासिक वाटत होतं, कारण याच काठावर, अगदी जवळच, २४ नोव्हेंबर १८०५ ला लुईस-क्लार्कच्या तुकडीनंही हिवाळा कुठं काढायचा यावर एकेकाचं मत विचारलं होतं. त्यात यॉर्क हा क्लार्कचा गुलाम होता आणि सॅकाजाविया ही शोशोनी या मूलनिवासी जमातीतली बाई होती. त्या काळात या दोघांचं मत कोण विचारणार? तरी तिथं नोंदवलं गेलं. हे सगळं मी घरच्यांना रंगवून सांगितलं आणि हात वर करायला लावले. पिझ्झाला तीन, खिचडीला एक, बाबा तटस्थ.

"झालं का तुमचं?" आई म्हणाली. "कुकर लावलाय मी मघाशीच."

खिचडीवर तिनं वरून लसणाची फोडणी घेतली. भाकरीच्या तव्याएवढ्या जाड कढल्यात तेल कडकडीत तापलेलं, त्यात मोहरी, त्यात ठेचलेला लसूण, त्यात चार लाल मिरच्या. दोन सेकंद काही झालं नाही. मग आम्हाला सगळ्यांना एकदम ठसका लागला आणि छतावरचं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं. ते थांबेना. बायकोनं खिडक्या उघडल्या, लेक कानांवर हात ठेवून पोर्चमध्ये पळाली, आणि मी खुर्चीवर चढून पोळपाटानं वारा घालू लागलो. घरून आणलेल्या वस्तूंपैकी पोळपाट खरोखर उपयोगी पडला, हे मान्य करायला हवं. शेजारच्या घरातले एक आजोबा काळजीनं बघायला आले. आईनं त्यांच्या हातावर भडंग ठेवलं. त्यांनी एक घास खाल्ला, डोळे पुसले, थँक्यू म्हणाले आणि यंत्र वाजायचं बंद होण्याआधीच निघून गेले.

मग आईनं मोर्चा माझ्याकडं वळवला. असली कसली घरं शोधतोस, फोडणी चालत नाही तिथं माणसं राहतात कशी, तुला लहानपणापासून भलत्याच ठिकाणी जायची हौस. आमच्या समोर, नदीपलीकडं, फोर्ट स्टीव्हन्स आहे. २१ जून १९४२ च्या रात्री एका जपानी पाणबुडीनं त्याच्या दिशेनं सतरा तोफगोळे टाकले. तिथल्या कमांडरनं हुकूम दिला की उलट मारा करायचा नाही, आपल्या तोफा कुठं आहेत ते कळेल. नुकसान काय झालं, तर बेसबॉलच्या मैदानावरची जाळी गेली आणि काही तारा तुटल्या. एकंदरीत शहाणा माणूस. मीही तोच हुकूम पाळला. सतराच्या आसपास मारा थंडावला.

अकराच्या सुमाराला माझा डोळा लागतोय न लागतोय तोच खांद्यावर हात पडला.

"ऊठ. पाणी चढतंय."

बाबा स्वेटर, मफलर आणि पायात बूट अशा तयारीत उभे होते. हातात मोबाईलचा टॉर्च. "काठी गेली. मी बघून आलो. साडेचार तासांत हातभराच्या वर चढलंय, आणि पाऊस नाही. म्हणजे वरून सोडलंय."

"कुठून सोडलंय?"

"धरणातून! इकडं धरण कुठलं आहे?"

"बॉनव्हिल. पण ते दीडशे मैलांवर आहे, बाबा."

"आलमट्टी काय सांगलीच्या अंगणात आहे का?"

एव्हाना आई उठून बसली होती आणि काही न विचारता तिनं मसाल्याचा डबा पिशवीत टाकला होता. पुरातून गेलेल्या माणसाला कारण लागत नाही. आधी कागदपत्रं, मग औषधं, मग धान्य, असा त्यांच्या हातांना क्रम पाठ होता, आणि मिनिटभर मला हसू आलं नाही. दोघं अंधारात एकमेकांशी न बोलता भराभर आवरत होते. तांदळाची पिशवी बाबांनी उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. घर टेकडीवर आहे, पाणी कितीतरी खाली आहे, हे मी दोनदा सांगितलं.

"बाबा, ती भरती आहे. समुद्र जवळ आहे ना. रोज दोनदा येते. आठेक फूट चढतं आणि उतरतं."

बाबा थांबले. "नदीला भरती?"

"हो."

"नदीला पूर येतो. भरती नाही."

"आजोबा, इट्स टाइड," लेक पांघरुणातून म्हणाली. "आम्हाला स्कूलमध्ये शिकवलंय. ती त्या डॅमपर्यंत जाते."

हे खरं आहे. भरतीचा जोर नदीतून उलटा वर, पार बॉनव्हिलच्या पायथ्यापर्यंत जाणवतो. म्हणजे इथं समुद्र धरणाकडं पाणी ढकलतो. बाबांनी हे ऐकलं आणि पलंगाच्या कडेवर बसले. पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस. बराच वेळ बूट काढले नाहीत.

"दिवसातून दोनदा," ते शेवटी म्हणाले. "आणि इशारा कोण देतं?"

"वेळापत्रक असतं. आधीच छापलेलं."

"पाण्याचं वेळापत्रक." त्यांनी मफलर सोडला. "एसटीचं पाळत नाहीत."

सकाळी सातला आम्ही पाण्याकडं उतरलो तेव्हा पाणीच नव्हतं. म्हणजे असणार, पण धुकं असं की स्वतःचा हात जेमतेम दिसावा. पलीकडचा पूल गेला, नदी गेली, तोफाही गेल्या. १७८८ मध्ये जॉन मियर्स नावाचा इंग्रज दर्यावर्दी ही नदी शोधत इथं तोंडाशी आला आणि इथं नदीबिदी काही नाही असं ठरवून, बाहेरच्या भूशिराला 'निराशेचं टोक' असं नाव देऊन निघून गेला. केप डिसअपॉइंटमेंट. अजून तेच नाव आहे. चार वर्षांनी अमेरिकन कप्तान रॉबर्ट ग्रे आपलं कोलंबिया हे जहाज घेऊन सरळ आत शिरला, म्हणून नदीला जहाजाचं नाव मिळालं. मी आई-बाबांना मियर्सची गोष्ट सांगितली.

"एवढी नदी, आणि दिसली नाही?" बाबांना पटेना.

"तुम्हाला तरी कुठं दिसतेय आत्ता?" आई म्हणाली.

तिच्या मुठीत कालचं नाणं अजून होतं. आमच्या भोवती सगळीकडं पांढरं, पाण्याचा बारीक आवाज, पण कुठल्या बाजूनं ते कळेना. आईनं डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली आणि नाणं समोर, काल पाणी होतं तिकडं भिरकावलं.

टण्ण.

"दगडावर पडलं," आई म्हणाली.

बाबांचा चेहरा खुलला. "म्हणजे उतरलंय की!" असं म्हणत ते काठी शोधायला धुक्यात पुढं गेले.