पेढे वाटायच्या आधी भाडं विचारा

आमच्या नात्यात एक पद्धत पडून गेली आहे. कुणाला मुंबई-पुण्याची ऑफर आली की आधी पेढे वाटायचे आणि मग ऑफर लेटर मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं. कारण मी, त्यांची मावशी, नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात पगार विभागात आहे, मला ते कळतं. पेढे वाटून झालेल्या माणसाला आकडे सांगणं म्हणजे नसता वाईटपणा घेणं असतं. म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहून टाकते.

ताजं उदाहरण भाच्याचं. त्याला विचारूनच लिहितेय. तो नाशिकला अंबडमध्ये नोकरीला, सीटीसी (कंपनीला त्याच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च) १२ लाख. अंधेरी पूर्वेच्या एका कंपनीने १८ लाख देऊ केले. पन्नास टक्के हाइक! म्हणजे महिन्याला ५० हजार जास्त, असं आमच्या भाऊजींनी बोटांवर मोजून सोसायटीच्या कट्ट्यावर जाहीरसुद्धा केलं.

आता ऑफर लेटरचं शेवटचं पान काढा. त्यावर पगाराची फोड असते आणि ते कुणी वाचत नाही. १८ लाखांतले १ लाख ८० हजार व्हेरिएबल. ते वर्षअखेरीस, कंपनीचं आणि साहेबाचं मन चांगलं असेल तर. बेसिक ९ लाख, त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १ लाख ८ हजार आणि ग्रॅच्युइटी ४३ हजार, दोन्ही सीटीसीतच धरलेले. ग्रॅच्युइटी हातात पडायला तर साधारण पाच वर्षं तिथेच टिकावं लागतं. उरले १४ लाख ६९ हजार. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ पुन्हा १ लाख ८ हजार, प्रोफेशनल टॅक्स अडीच हजार, आणि २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीच्या दराने इन्कम टॅक्स साधारण ९२,६००. बारा महिन्यांनी भागलं की हातात येतात १ लाख ५ हजार.

नाशिकच्या नोकरीत व्हेरिएबल नाही. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत बसतं, त्यामुळे कर शून्य. तिथे हातात येतात ८५ हजार.

फरक वीस हजारांचा. पन्नास नाही, वीस.

पीएफमध्ये दोन्ही वाटे मिळून महिन्याला सहा हजार जास्त जमा होणार आहेत, आणि व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर कर कापून दीड लाख येतील. ते पैसे खोटे नाहीत. पण घरमालक पीएफचं पासबुक बघून भाडं घेत नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला लढायला मैदानात असतात ते वीस हजारच.

आणि आता भाडं. अंधेरी पूर्वेला, ऑफिसला रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर, जुन्या बिल्डिंगमधला वन बीएचके त्याला ४२ हजारांत सांगितला. डिपॉझिट चार महिन्यांचं, म्हणजे १ लाख ६८ हजार. ब्रोकरला एका महिन्याचं भाडं, पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, टेम्पो आणि पॅकिंगवाले २८ हजार. घरात पाऊल टाकायच्या आधी २ लाख ८० हजार बाहेर. वीस हजारांच्या वाढीने भागा, चौदा महिने होतात. डिपॉझिट परत मिळतं हे मान्य, रंगरंगोटीचे कापून. पण करार अकरा महिन्यांचा. म्हणजे खड्डा भरायच्या आत भाडं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवायची आणि ब्रोकरला नूतनीकरणाचे पैसे द्यायची वेळ येते. कराराची नोंदणी मात्र करूनच घ्या, मालक ‘कशाला उगाच’ म्हणाला तरी. महाराष्ट्रात ती सक्तीची आहे, ऑनलाइन होते, स्टॅम्प ड्युटी एकूण रकमेच्या पाव टक्का. एवढ्या खर्चात तेवढं तरी पदरात पाडून घ्यावं.

मग नेहमीचा उपाय निघतो: डोंबिवली. तिथे टू बीएचके २३ हजारांत मिळतो. त्याच्या मित्राचा दिनक्रम ऐका. सकाळी पावणेआठची फास्ट, दारापाशी एक पाय टेकायला मिळाला तर नशीब. घाटकोपरला उतरायचं नसतं, मागचे लोक उतरवतात. मग पूल, पुलावर मेट्रोच्या तपासणीची रांग, डबेवाल्या बॅगा एकमेकांत अडकलेल्या, आणि चकाल्याला उतरून दहा मिनिटं चालणं. दारापासून दारापर्यंत पावणेदोन तास, एका बाजूने. हे लाखो लोक रोज करतात, त्यांना दंडवत. पण त्यांच्यातल्या बहुतेकांना दुसरा पर्याय नाही, आणि माझा भाचा पाथर्डी फाट्यावरून स्कूटरवर पंधरा मिनिटांत कामावर पोचतो. रोजचे तीन तास ज्यादा देऊन, २३ हजार भाडं भरून, वीस हजारांची वाढ मिळवायची. मी त्याला म्हटलं, तीन हजार तू भर आणि तीन तासही तूच दे, कंपनीला फुलं पण पाठव.

इथे भाऊजींचा हुकमी एक्का आला. “नाशिकचा फ्लॅट भाड्याने देऊ, त्यात तिथलं निघेल.” नाशिकच्या फ्लॅटचा ईएमआय २१ हजार, भाडं येईल फार तर १४ हजार, त्यातून मेंटेनन्स जाणार. आपल्याकडे घराच्या किमतीच्या मानाने भाडं फारच कमी येतं, वर्षाला दोन-तीन टक्के. मालक असताना हे लक्षात येत नाही, आणि मुंबईत भाडेकरू झालो की तिथल्या किमती एवढ्या चढलेल्या असतात की तेच दोन-तीन टक्के आपल्याला ४२ हजारांना पडतात. आपलं घर सोडून दुसऱ्याच्या घरात राहणं ही अदलाबदल नव्हे. जास्तीचा बोजा आहे.

आणि सगळ्यात मोठा आकडा ऑफर लेटरमध्ये नव्हताच. तो भाचेसुनेचा पगार. ती इथल्या शाळेत आहे, ३२ हजार मिळतात. मुंबईला गेल्यावर ते शून्य, निदान काही महिने. धाकटा सीनियर केजीत, आज त्याला आजी सांभाळते, तिथे पाळणाघर. मी वहीवर आडवी रेघ मारून हिशेब केला: अधिक वीस, उणे बत्तीस, उणे भाडं. तिने वही बघितली आणि म्हणाली, “मावशी, हे मी आठवडाभर सांगतेय, पण माझ्या आकड्याला कुणी आकडाच समजत नाही.” खरं आहे तिचं. हाइक एकाला मिळते, भाडं सगळ्या घराला लागतं. म्हणून बदलीचा हिशेब एका माणसाच्या पगारावर मांडूच नये, घरात येणाऱ्या एकूण पैशावर मांडावा. तिला अंधेरीच्या आसपास ४५-५० हजारांची नोकरी लागणार असेल तर माझं उत्तर उलटं आहे: खुशाल जा. दोन पगार आणि एक भाडं असेल तर मुंबई पोसते. एक पगार आणि एक भाडं असेल तर आपण मुंबईला पोसतो.

ऑनलाइन कॅल्क्युलेटर असतात ना, ‘नाशिकचे ८५ हजार म्हणजे मुंबईचे इतके’ असं सांगणारे, त्यांचा मला राग आहे. ते शहराचं सरासरी भाडं घेतात. सरासरी भाड्याच्या घरात कुणी राहत नाही. तुम्ही राहता ते ऑफिसपासून अमुक अंतरावरच्या, मुलाच्या शाळेजवळच्या, आईला चढता येईल अशा लिफ्टच्या बिल्डिंगमधल्या घरात. सरकारही यात मागे नाही. केंद्राच्या घरभाडे भत्त्यासाठी मुंबई आणि पुणे दोन्ही ‘एक्स’ वर्गात, बेसिकच्या ३० टक्के. नाशिक, नागपूर ‘वाय’मध्ये, २० टक्के. कोथरूड आणि अंधेरीचं भाडं एकच असतं असं मानणारा अधिकारी बहुधा सरकारी क्वार्टरमध्ये राहत असावा.

पुण्याचं गणित तसं सौम्य आहे, फक्त हिंजवडीत नोकरी आणि कर्वेनगरला सासर असं असेल तर डोंबिवलीचा परिच्छेद पुन्हा वाचा. बंगळूरुला जाणाऱ्यांनी भाड्याच्या आधी डिपॉझिट विचारावं. तिथे दहा महिन्यांचं डिपॉझिट मागायची जुनी रीत होती. आता ते बरंच खाली आलंय, तरी नाशिकच्या माणसाला घाम फुटेल एवढं असतंच. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा काढला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे. पण तो लागू करायचा की नाही हे राज्यांच्या हातात.

आता तेवीस-चोवीस वर्षांची मुलं म्हणतील, मावशी आम्हाला कशाला घाबरवतेस? तुम्हाला नाहीच. तुम्ही तिघांत एक फ्लॅट घ्या, पंधरा-सोळा हजार वाट्याला येतील, ऑफिसजवळ राहा आणि जा. पहिली दोन वर्षं हातात काही उरलं नाही तरी बिघडत नाही, कारण तुम्हाला पुढची नोकरी या नोकरीमुळे मिळणार असते. नाशिकला राहून ती मिळेलच असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. माझा विरोध शहराला नाही. चार माणसांचं घर उचलायचं ठरवताना फक्त टक्के बघण्याला आहे.

एक गोष्ट मात्र पगार विभागातली म्हणून सांगते, कारण एचआर ती आपणहून सांगत नाही. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यावर सूट नाही. भाडेपावत्या जमवून उपयोग फक्त जुन्या प्रणालीत. पण कंपनीने स्वतःच्या नावाने घर भाड्याने घेऊन तुम्हाला राहायला दिलं आणि भाडं तुमच्या सीटीसीतून वळतं केलं, (याला कंपनी लीज म्हणतात), तर करासाठी पगाराच्या १० टक्के किंवा प्रत्यक्ष भाडं, यातलं जे कमी तेवढीच रक्कम तुमच्या उत्पन्नात धरतात. भाच्याच्या बाबतीत वर्षाचं भाडं ५ लाख ४ हजार. ते पगारातून बाजूला गेलं की त्याचं करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या खाली येतं आणि तो ९२ हजारांचा कर राहतच नाही. शिवाय करार कंपनीच्या नावाने असल्यामुळे डिपॉझिट बहुधा कंपनी भरते. सगळ्या कंपन्या हे करत नाहीत, पण विचारायला पैसे पडत नाहीत. ऑफर स्वीकारायच्या आधी विचारायचं, नंतर कुणी फोन उचलत नाही.

भाच्याने अजून होकार कळवलेला नाही. एचआरला त्याने तीन गोष्टी लिहून पाठवल्यात: कंपनी लीज मिळेल का, व्हेरिएबलमधले निम्मे फिक्स्डमध्ये येतील का, आणि जॉइनिंग बोनस दिलात तर तो किती महिन्यांत सोडल्यास परत मागणार. भाचेसुनेने अंधेरी आणि पवईच्या चार शाळांत अर्ज टाकलेत. अंधेरी पूर्वेला कुणी कंपनी लीजवर राहत असेल तर मला जरूर सांगा, मालक त्यासाठी भाडं वाढवून मागतात का? आणि मरोळच्या बाजूला मुलासाठी मराठी किंवा सेमी इंग्रजीची बरी शाळा कुठली?