निर्दोष सुटले. आणि बोट?

काल रात्री युवेंताबद्दल वाचत बसलो आणि झोपेचं खोबरं झालं. १९६२ सालचा मासेमारीचा ट्रॉलर, लांबी जेमतेम ३३ मीटर. बर्लिनमधल्या काही पोरापोरींनी युगेंड रेटेट नावाची संस्था काढली, देणग्या गोळा करून २०१६ मध्ये ही म्हातारी बोट घेतली आणि सरळ लिबियासमोरच्या समुद्रात गेले, तिथून होड्यांतून युरोपकडे निघालेल्या बुडणाऱ्या लोकांना काढायला. त्या एका वर्षात भूमध्य समुद्रात पाच हजारांवर माणसं गेली.

रबरी होडी दिसली की आधी लांबूनच ओरडून सांगायचं, बसून राहा, उठू नका. कारण सगळे एका बाजूला सरकले की होडी उलटलीच. मग लाइफ जॅकेट वाटायची, माणसं वर घ्यायची ती त्यानंतर. होडीच्या तळाला सांडलेलं पेट्रोल आणि खारं पाणी एक होतं आणि कातडी भाजते, आणि बायका पोरांना घेऊन मधे तळाला बसलेल्या असतात म्हणून त्याच जास्त भाजतात. इथे मी फोन जरा वेळ बाजूलाच ठेवला.

एवढीशी बोट इटलीपर्यंत किती जणांना नेणार, म्हणून मोठं जहाज येईपर्यंत लोकांना सांभाळायचं. असं करत वर्षभरात जवळपास १४ हजार माणसं वाचवली.

आणि २ ऑगस्ट २०१७ ला इटलीने बोट जप्त केली. आरोप काय तर तुम्ही माणसांची तस्करी करणाऱ्यांना सामील आहात. पोलिसांनी त्याआधी बोटीवर गुपचूप माइक लावून बोलणीसुद्धा ऐकली होती. आरोपपत्र आलं २०२१ मध्ये, कोर्टात सुनावणी सुरू झाली २०२२ मध्ये, वीस वर्षांपर्यंत जेलची टांगती तलवार, आणि शेवटी सरकारी वकीलच म्हणाले केस सोडून द्या. १९ एप्रिल २०२४ ला सगळे आरोपी सुटले.

लोक म्हणतात बघा, न्याय झाला. कसला डोंबलाचा न्याय! शिक्षा २०१७ लाच देऊन झाली होती की. बोट धक्क्याला बांधली, विषय संपला, निकाल काहीही लागो. तारखांवर तारखा आपल्याला काय नवीन आहेत, पण इथे तारीख पडत होती तेव्हा तिकडे माणसं बुडत होती.

आणि ते नेहमीचं, "असली जहाजं असतात म्हणूनच लोक निघतात". अहो, युवेंता सात वर्षं बांधून ठेवलेली, होड्या सुटायच्या थांबल्या का? आता तर जप्तीचीही गरज नाही, २०२३ पासून इटलीने नियमच केलाय, एक रेस्क्यू झालं की लगेच सांगितलेल्या बंदराकडे निघा, आणि बंदर कुठलं देतात, तर कित्येकदा पार उत्तरेचं, जेनोआ नाहीतर रावेन्ना. जाऊन येऊन दिवसच्या दिवस वाया.

मी रत्नागिरीचा. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी असते, दोनच महिने बोटी उभ्या राहतात, तरी नारळी पौर्णिमेआधी त्यांच्यावर किती खर्च होतो ते विचारा कुणालाही. इटलीतल्या त्रापानीच्या बंदरात युवेंता सात वर्षं उभी, आतलं सामान चोरांनी उचलून नेलेलं, बाकीचं गंजाने खाल्लेलं.

शेजारच्या तांडेल काकांना आज सकाळी ही सगळी कथा सांगितली. त्यांनी कोर्टाचं काहीच विचारलं नाही.

"सात वर्षं? मग इंजिन गेलं असणार," एवढंच म्हणाले.