ख्रिस्तपुराणच कामून घेतलं?

नमस्कार सर. तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली, पण म्हटलं घाईत उत्तर नको. तुमचं म्हणणं असं की आमच्या वाचन गटानं ख्रिस्तपुराण, म्हणजे फादर स्टीफन्सनी मराठी ओव्यांत लिहिलेली येशूची कथा, घेतलं हेच चुकलं, ते गोव्याचं, जेझुइट संघाच्या पाद्र्यांचं, धर्मांतराच्या काळातलं, भाषा चारशे वर्षांपूर्वीची, ती कळणार कुणाला. आणि आमच्याकडं घोगरगावला जे फादर आले ते संत फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाच्या संघाचे, मग त्या संताचंच भक्तिजीवनावरचं पुस्तक कामून नाही घेतलं?

हा शेवटचा मुद्दा मला खरंच लागला. 1609 चं ते पुस्तक माझ्या उशाशी असतं. भक्ती काय फक्त मठातल्यांची नाही, सैनिकाची, दुकानदाराची, संसारातल्या बाईची पण आहे आणि ज्याची त्याची वेगळी आहे, हे त्या काळात एक बिशप एवढ्या मायेनं सांगतो. पण सर ते एकट्यानं सकाळी पानभर वाचायचं पुस्तक आहे. माझ्याकडं ते इंग्रजीत आहे, म्हणजे गटात मी वाचणार, मीच मराठीत सांगणार आणि बाकीचे माना डोलावणार. असं झालं की तो गट राहत नाही, वर्ग होतो.

ओवीचं तसं नाही. पहिल्या रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर आम्ही पंधरा-सोळा जण बसलो, भाषेच्या स्तुतीची ओवी काढली, "जैसी हरळांमाजी रत्नकिळा". कॉलेजातली पोरं लगेच मोबाईलवर हरळ शोधायला लागली, काही सापडेना. मागं एक आजी बसलेल्या, कधी शाळेत गेलेल्या नाहीत, त्या म्हणाल्या, अरे हरळ म्हंजे खडा, तांदूळ निवडताना सुपात लागतो तो. आणि दोन बोटांनी खडा उचलून फेकल्यासारखं करून दाखवलं. त्या दिवसापासून अडलेला शब्द आधी आजींना विचारतात. तुम्ही म्हणता भाषा कळणार नाही, तर निम्मी भाषा आमच्या स्वयंपाकघरात आहे सर, निम्मीसाठी आम्ही हळू जातो, एका बैठकीत वीस-पंचवीस ओव्या, बास.

गोव्याचं म्हणाल तर ओव्या लिहिणारे आपले नाथ महाराज पैठणला 1599 ला समाधिस्थ झाले आणि हे पुराण 1616 ला गोव्यात राशोलला छापलं, रोमन अक्षरात, कारण छपाईचे देवनागरी खिळे पाडणं जमलं नव्हतं. जन्मानं इंग्रज असलेल्या फादर स्टीफन्सनी स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय. ही ओवी आपल्या गोदाकाठाला परकी नाही, वारकरी घरातले दोघं गटात येतात त्यांना चाल सांगावी लागली नाही.

धर्मांतराचं मात्र तुमचं बरोबर आहे, ते मी टाळणार नाही. स्टीफन्स 1579 ला गोव्यात आले तेव्हा इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्म-न्यायालय, सुरू होऊन एकोणीस वर्षं झाली होती, गोव्याच्या सासष्टी भागातली देवळं पाडलेली होती. हे आम्ही पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर मोकळेपणानं बोललो. पण पुराणातच आहे बघा, लोक म्हणतात की आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्या जागी तसंच काहीतरी द्या. ज्यांचं हिरावलं गेलं त्यांचं मागणं त्या ग्रंथातच लिहून ठेवलंय, आणि त्यावर आमची जेवढी चर्चा झाली तेवढी दुसऱ्या कशावरच झाली नाही. म्हणून सोपं पुस्तक घ्यायचा आग्रह मला पटत नाही.

अकरा हजार ओव्या आम्ही वाचणार नाही, ईस्टरपर्यंत फक्त दुसऱ्या पुराणातला, म्हणजे याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडातला, येशूच्या दुःखभोगाचा भाग. त्यानंतर सेल्स घेऊ, खरंच घेऊ, पण मराठीत. तुमचं इंग्रजी आणि मराठी दोन्ही माझ्यापेक्षा चांगलं आहे, तर पहिल्या भागातली चार-पाच प्रकरणं तुम्ही उतरवून द्याल का? प्रकरणं छोटी आहेत, दोन-दोन पानांची. आजींना वाचून दाखवायचीत एवढं धरून लिहा.