आधी जुन्याचा हिशेब

आज सकाळी माझ्या आईची पाटली, तिला काय भाव मिळणार हे आम्हाला कळण्यापूर्वीच कापली गेली, आणि तेव्हापासून माझे कशातही लक्ष लागलेले नाही.

भाचीचे लग्न वैशाखात आहे. तिच्यासाठी चार बांगड्या करायच्या आणि आईच्या पाटल्या मोडीत घालायच्या, असे धाकट्या बहिणीने आणि मी ठरवले होते. पाटल्या १९७१ सालच्या, दोन्ही मिळून ४० ग्रॅमच्या. त्यांतली उजव्या हातातली एका अंगाने किंचित चपटी झालेली होती, कारण वाड्यातला हातपंप हापसताना ती दांड्यावर आपटत असे. दुकानात आधी नव्या बांगड्यांचे ट्रे समोर आले, सरबत आले, भाचीच्या हातात बांगड्या चढवून फोटो काढून झाले, आणि सगळे पसंत पडल्यावर, पाऊण तासाने, जुन्या पाटल्या मागण्यात आल्या. काउंटरवरचा मुलगा "आत तपासून आणतो" म्हणून त्या घेऊन गेला आणि परत आला तेव्हा चपट्या पाटलीचे दोन तुकडे झालेले होते. "कापल्याशिवाय आतले सोने कळत नाही, मॅडम," एवढेच तो म्हणाला. तोवर वजन, कस (सोन्याची शुद्धता), घट (वितळवताना कमी होणारे वजन) यांपैकी एक शब्दही कुणी उच्चारला नव्हता.

मी पतसंस्थेत सोनेतारणाच्या टेबलावर अकरा वर्षे काम केले आहे. गहाण ठेवायला आलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर सराफ डाग, म्हणजे दागिना, तोलत असे, एकूण वजन आणि खडे, लाख, दोरा वजा जाता निव्वळ वजन असे दोन वेगळे आकडे लिहीत असे, आणि त्या कागदावर सही झाल्याशिवाय कर्जाचा विषयही निघत नसे. दागिना अडीच ग्रॅमचा असो की पंधरा तोळ्यांचा, पद्धत तीच होती. सोने तारण ठेवणाऱ्या अडल्या माणसाला जो मान मिळतो, तो मोड घालून वर रोख पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला का मिळू नये, हे मला समजत नाही.

आता हिशेब सांगते, कारण खरी मेख त्यात आहे. यंत्रावर आमच्या सोन्याचा कस ८४ टक्के आला, आणि तो मला मान्य आहे. म्हणजे ४० ग्रॅममध्ये शुद्ध सोने ३३.६ ग्रॅम. या ३३.६ ग्रॅमला शुद्ध सोन्याचा, म्हणजे २४ कॅरेटचा भाव लागायला हवा होता. दुकानाने लावला २२ कॅरेटचा. २२ कॅरेटमध्ये मुळात ९१.६ टक्केच सोने असते, म्हणून तर हॉलमार्कवर ९१६ हा आकडा असतो. म्हणजे अशुद्धतेची वजावट एकदा कसात झाली आणि दुसऱ्यांदा भावात झाली. २२ कॅरेटच्या मापाने आमच्या पाटल्या ३६.६८ ग्रॅम भरतात आणि चिठ्ठीवर धरले होते ३३.६. तीन ग्रॅमहून अधिक सोने एका ओळीच्या गुणाकारात नाहीसे झाले, त्यावर पुन्हा दोन टक्के घट कापली. नव्या बांगड्यांची घडणावळ मात्र पूर्ण, आणि तीन टक्के जीएसटी बांगड्यांच्या पूर्ण किमतीवर, जुने वजा करण्याच्या आधी.

सराफाची बाजू मला कळत नाही असे नाही. जुन्या दागिन्यात डाख, म्हणजे सांधे जोडायचा धातू, असतो, लाख असते, आणि गावाकडच्या सोनाराने शब्दावर दिलेले सोने कधीकधी हलके निघते. हे सगळे खरे आहे. पण त्यासाठी आधी विचारता येते, समोर तोलता येते, समोर कापता येते.

"जुने द्या, नवे न्या" अशी पाटी लावली की जुनी वस्तू जणू दुकानदार उपकार म्हणून ठेवून घेतो, असा सूर सगळीकडे लागतो, मग ते सोने असो, फ्रीज असो की मोबाइल. २०१७ च्या जीएसटी नियमांत याचे सरळ उदाहरणच दिलेले आहे: जुना फोन घेऊन नवा २०,००० रुपयांना दिला आणि जुना न देता तोच २४,००० ला मिळत असेल, तर नव्या फोनचे मूल्य २४,००० धरायचे. म्हणजे जुनी वस्तू हा किमतीचाच भाग आहे, ते पैसेच आहेत, हे कर घेताना सरकारला नेमके कळते. मग काउंटरपलीकडच्या माणसाने आमच्या पैशांना मागच्या खोलीत नेऊन कात्री लावावी, हे आपण कसे चालवून घेतो?

आणि चालवून आपणच घेतो. मी अकरा वर्षे हेच काम केलेली बाई, ते दोन तुकडे पाहून पाच मिनिटे गप्प उभी राहिले. बहीण हळूच म्हणाली, "ताई, लग्नघर आहे, वाद नको." दुकानाला हेच ठाऊक असते. मुलीच्या हातात बांगड्या चढलेल्या असतात, जुना डाग कापलेला असतो, मुहूर्त जवळ आलेला असतो, आणि तिथून रिकाम्या हाताने उठणे कोणत्याही आईला जड जाते. नवे आधी आणि जुने नंतर हा क्रम चुकून पडलेला नाही. नवे दाखवण्याआधी जुन्याचे वजन, कस, घट आणि लावलेला भाव स्वतंत्र कागदावर लिहून मिळालाच पाहिजे, आणि तो पटला नाही तर डाग अखंड परत घेऊन उठता आले पाहिजे.

त्या मुलावर मात्र माझा राग उरलेला नाही. वीस-बावीस वर्षांचा असेल. मी चिठ्ठीवर आकडे मांडून दाखवले तेव्हा तो खरोखर गोंधळला आणि मालकांना विचारायला आत गेला. मालक बाहेर आले नाहीत. "आमच्याकडे अशीच पद्धत आहे," एवढा निरोप आला.

पाटल्या आम्ही परत आणल्या, बांगड्यांचा विसार तेवढा दिला आहे. हॉलमार्किंग केंद्रात सामान्य ग्राहकालाही आपले सोने थोडक्या शुल्कात तपासून मिळते. उद्या सकाळी तिथे जाऊन कसाचा दाखला घेणार आहे आणि तो घेऊन त्याच दुकानात जाणार आहे. ३६.६८ ज्या हिशेबाने येतात तोच हिशेब त्यांनी लिहून दिला तरच बाकीचे सोने मोडीत जाईल, नाहीतर विसार बुडाला तरी चालेल. चपट्या अंगाचा तुकडा मात्र आता कुठल्याच तराजूवर जाणार नाही. त्याच्या वजनाचे पैसे मी बहिणीला देणार आहे, आणि ते तिला आज रात्रीच सांगितले आहे.