फोंताइन्हासची घरं लिस्बनहून आलेली नाहीत

पाहुण्यांना पणजीतला फोंताइन्हास हा जुना वाडा दाखवायचा म्हटलं की कुणीतरी हा मजकूर पुढे ढकलतोच: 'साडेचारशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांनी फोंताइन्हास वसवलं. घरं हुबेहूब लिस्बनची, हिंदू घराशी त्यांचा काडीचा संबंध नाही, रंग कायद्याने ठरलेले, आणि आजवर तसूभर बदल नाही.' माझं आजोळ शेजारच्याच 'मळा' नावाच्या वाड्यातलं, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी वय. साडेचारशे वर्षांपूर्वी राजधानी होती जुनं गोवं. फोंताइन्हासच्या जागी अठराव्या शतकाच्या अखेरीस माडांचं भाट, म्हणजे बागायत होती, मोझांबिकहून पैसा घेऊन परतलेल्या आंतोनियु जुआंव द सिकेराचं. साथींनी जुनं गोवं ओस पाडलं, १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीतल्या आदिलशहाच्या वाड्यात राहायला आला, मागोमाग माणसं आली आणि भाटात घरं उठली. पणजी रीतसर राजधानी झाली ती १८४३ मध्ये. निम्मं वय इथेच गळालं.

आता 'हुबेहूब लिस्बन'. ज्या लाल छपरांचे फोटो टाकून लोक 'मिनी पोर्तुगाल' लिहितात, ती कौलं मंगळुरी! बासेल मिशनच्या पाद्र्यांनी १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, तोवर आपल्याकडे कुंभाराचे नळे, म्हणजे अर्धगोल कौलं. एक उताणा, त्यावर एक पालथा, आणि दर पावसाळ्याआधी शाकारणी, म्हणजे नळे काढून पुन्हा नीट लावणं. मंगळुरी कौल खाचेत बसतं, रिपेला अडकतं, सहसा सरकत नाही. शाकारणीचा व्याप कमी झाला, म्हणून लोकांनी नळे उतरवले. म्हणजे या घरांचं डोकंच एकदा बदललंय.

भिंती चिऱ्याच्या, तो इथल्याच जमिनीतून कापलेला. जुन्या खिडक्यांत काच नव्हती. लाकडी चौकटीत घासून पातळ केलेले शिंपले बसवत. ते झुआरी नदीवरच्या चिखली गावाच्या खाडीत मिळायचे. आज त्या शिंपल्याला कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा एक फुटला की तिथे काच येते. पोर्तुगीज काहीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. खेटून उभी ओळ, रस्त्यावर आलेली बाल्कनी, माडीवरची पाहुण्यांची 'साल' म्हणजे दिवाणखाना, हे तिकडचं वळण. गावातल्या घरापुढे बाल्कांव असतो, म्हणजे बसायला बांधीव बाकं असलेली देवडी. इथे दार थेट रस्त्यावर उघडतं, म्हणून बैठक माडीवर गेली.

हिंदू घराशी संबंध नाही म्हणणाऱ्याने इथून पायी जाऊन जुन्या सचिवालयाजवळचं म्हामाय कामतांचं घर पाहावं. बाहेरून खिडक्यांची लांबलचक रांग, आत राजांगण, म्हणजे मधला मोकळा चौक. ख्रिस्ती वाड्यांतही असा चौक ठिकठिकाणी सापडतो. उसनवारी दोन्हीकडून झाली.

रंगाच्या दंडकावर मी भांडत नाही. पण चुन्याची सफेदी आपल्या पावसात एक वर्ष टिकली तरी नशीब, त्यामुळे दंडक असो-नसो, पावसाळा सरला की काव, पिवडी नाहीतर नीळ कालवावीच लागे. आता सिमेंटच्या गिलाव्यावर प्लास्टिक रंग चढवतात. चिऱ्यातली ओल आत कोंडते आणि पोपडे निघतात.

राहिलं 'तसूभर बदल नाही'. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० मध्ये लागू झाला, त्यात मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखा वाटा. न्याय्यच आहे, पण तीन पिढ्यांत एका घराचे वारसदार पणजी, मुंबई आणि लिस्बनमध्ये विखुरतात. छपराच्या दुरुस्तीला सगळ्यांची सही मिळेपर्यंत आढं वाकतं. मग कुलूप, नाहीतर गेस्ट हाउस.

माझ्या मामाच्या घरी खालच्या खोलीत आधी शिंपी बसायचा, नंतर झेरॉक्सवाला आला, आता कॅफे आहे. मामी माडीवर राहते. तिच्या खिडकीत शिंपल्यांच्या वरच्या तीन ओळी शाबूत आहेत, खाली काच. रस्त्यावरून पर्यटक तिचा फोटो काढतात तेव्हा ती पडदा ओढून घेते.